लठ्ठपणा, प्रतिकारशक्ती आणि आतला दाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह आणि लठ्ठपणाच्या रुग्णांशी रोज बोलताना, वैद्यकीय शाखेच्या मुलांना शिकवताना काही प्रश्न फिरून फिरून येतात. 'वजन वाढलं की अंगात दाह राहतो' हे आता सगळ्यांच्या कानावर आहे. पण तो दाह असतो कुठं, करतं कोण आणि तो थांबत का नाही, हे फारसं कुणी नीट सांगत नाही. म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते : प्रतिकारशक्तीची पेशी कशी वागेल, हे बरंचसं ती कोणतं इंधन जाळते यावर ठरतं, आणि लठ्ठपणात तिच्या भोवतालचं इंधनच बदलून जातं. खालची बहुतेक उत्तरं याच धाग्यावर उभी आहेत.

डॉक्टर म्हणतात अंगात दाह आहे. मला तर कुठं सूज दिसत नाही, दुखतही नाही.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हा तीव्र दाह. काटा निघाला की दोन-चार दिवसांत ओसरतो. लठ्ठपणातल्या दाहात यातली एकही खूण दिसत नाही. तो मंद असतो, वर्षानुवर्षं चालतो आणि त्याचा पत्ता लागतो तो रक्तात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी दाहाचा निरोप पोचवणारी प्रथिनं असतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. गंभीर संसर्गात ती शेकडो पटींनी वाढू शकतात. इथं फार तर काही पटींनी. वाढ थोडी, पण रोजची. रक्तवाहिन्यांचं अस्तर, यकृत, स्नायू, स्वादुपिंड या सगळ्यांना त्या वातावरणातच दिवस काढावे लागतात, आणि नुकसान होतं ते या सततपणामुळं.

चरबी म्हणजे नुसती साठवण ना? तिथं प्रतिकारशक्तीच्या पेशींचं काय काम?

बरीच वर्षं वैद्यकशास्त्रही हेच समजत होतं. १९९३ मध्ये बॉस्टनमध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा तयार होतं, असं दाखवलं. ते निष्प्रभ केल्यावर त्या उंदरांमध्ये इन्शुलिनचा परिणाम सुधारला. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. चरबी ही बोलणारी ऊती आहे, हे तेव्हापासून मान्य झालं.

पण टीएनएफ नेमकं कोण बनवतं, याचा उलगडा व्हायला २००३ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज पेशी गोळा होतात, आणि दाहाचे निरोप मुख्यतः त्याच पाठवतात. मॅक्रोफेज म्हणजे मेलेल्या पेशी, जंतू, कचरा गिळणाऱ्या पेशी. सडपातळ माणसाच्या मेदऊतीत त्यांचं प्रमाण एकूण पेशींच्या १० टक्क्यांच्या आत असतं. लठ्ठ माणसात ते ४० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. म्हणजे ज्याला आपण पोटावरची चरबी म्हणतो, त्यातली पाचांपैकी दोन पेशी प्रतिकारशक्तीच्या असू शकतात. हा आकडा विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही.

निरोगी चरबीतही या पेशी असतात आणि हव्याच असतात. त्या मेलेल्या मेदपेशी उचलतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. सडपातळ उंदरांच्या पोटातल्या चरबीत तर नियामक टी पेशींचा (टी पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) मोठा भरणा असतो. प्रतिकारशक्तीला आवर घालणं हे त्यांचं काम. लठ्ठपणात त्यांची संख्या घसरते आणि सीडी-८ प्रकारच्या मारक टी पेशी वाढतात. आवर घालणारे कमी, चेतवणारे जास्त.

मग बिघाड सुरू कुठून होतो?

मेदपेशीपासून. मोठेपणी आपल्या मेदपेशींची संख्या फारशी बदलत नाही. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन वाढतं तेव्हा मुख्यतः असलेल्या पेशीच फुगतात. फुगलेल्या पेशीचा व्यास १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बराच पुढं जातो, आणि रक्तवाहिनीतून ऑक्सिजन साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत झिरपतो. उंदरांमध्ये अशा चरबीत ऑक्सिजनचा तुटवडा स्पष्ट मोजला गेला आहे; माणसात चित्र तितकं सरळ नाही. पण ताणलेली पेशी मदतीची हाक देते, हे दोन्हीकडे खरं. ती एमसीपी-१ नावाचं प्रथिन सोडते, त्याच्या मागावर रक्तातल्या मोनोसाइट पेशी चरबीत शिरतात आणि तिथं मॅक्रोफेज होतात.

शेवटी काही मेदपेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहण्यासारखं असतं. काचपट्टी तयार करताना चरबी विरघळून निघून जाते, त्यामुळं निरोगी मेदपेशी म्हणजे नुसतं रिकामं वर्तुळ, कडेला जेमतेम दिसेल अशी पातळ किनार आणि एका कोपऱ्यात दाबलं गेलेलं पेशीचं केंद्र. लठ्ठ माणसाच्या नमुन्यात अशी वर्तुळं बघत पुढं सरकलं की मध्येच एखादं असं येतं, ज्याच्या कडेनं जांभळ्या केंद्रांच्या मॅक्रोफेज एकीला एक चिकटून बसलेल्या असतात. आतली पेशी मेलेली. याला मुकुटासारखी रचना म्हणतात. २००५ मध्ये इटलीतल्या सॅव्हेरिओ चिंती यांच्या गटानं दाखवलं की लठ्ठ चरबीतल्या ९० टक्क्यांहून अधिक मॅक्रोफेज अशा मेलेल्या पेशींभोवतीच असतात. मेदपेशी मेली की तिच्यातला तेलाचा थेंब एका मॅक्रोफेजच्या कितीतरी पट मोठा असतो. एकीच्यानं तो गिळवत नाही. म्हणून त्या घेराव घालून तो थोडा थोडा संपवत राहतात. इथंच त्यांच्या पोटात चरबी जायला लागते, आणि पुढच्या प्रश्नाची सुरुवात होते.

'प्रतिकारक पेशींचा चयापचय बदलतो' म्हणजे नक्की काय होतं?

पेशीला ऊर्जा मिळवायच्या दोन मुख्य वाटा. ग्लायकोलिसिसमध्ये ग्लुकोजचा एक रेणू अर्धवट तोडून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निव्वळ २ रेणू मिळतात. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, तोच रेणू ऑक्सिजनच्या साहाय्यानं पुरता जाळला तर सुमारे ३० मिळतात. पहिली वाट उधळी, पण झटपट. आणि तिच्यातून नवी प्रथिनं, नवे मेदरेणू बांधायला लागणारा कच्चा मालही मिळतो. जंतूशी गाठ पडलेली मॅक्रोफेज ही वाट धरते. शांत राहून डागडुजी करणारी मॅक्रोफेज आणि नियामक टी पेशी मात्र मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात जाळण्यावर अधिक भर देतात.

आता यातली खरी मेख. इंधनाची वाट बदलली की पेशीत साचणारे मधले रेणू बदलतात, आणि हे रेणू स्वतःच आज्ञा देतात. २०१३ मध्ये डब्लिनच्या ल्यूक ओनील यांच्या गटानं दाखवलं की जंतूंच्या अंशानं चेतलेल्या मॅक्रोफेजमध्ये सक्सिनेट साचतं. ते एचआयएफ-१-अल्फा या प्रथिनाला टिकवून धरतं, आणि ते प्रथिन इंटरल्यूकिन-१-बीटा हे दाहाचं सायटोकाइन बनवण्याचा हुकूम सोडतं. म्हणजे ऊर्जेच्या रासायनिक साखळीतला एक साधा दुवा दाहाचा खटका ठरला.

लठ्ठपणातल्या मॅक्रोफेजचं वागणं याच्याशी मिळतंजुळतं आहे, पण सारखं नाही. तिच्यासमोर जंतू नसतो. असतं ते चढलेलं ग्लुकोज, चढलेलं इन्शुलिन आणि पामिटेटसारखी संपृक्त मेदाम्लं. २०१४ मध्ये प्रयोगशाळेत मॅक्रोफेजना हे तिन्ही एकत्र दिलं तेव्हा त्या जंतूनं चेतवलेल्या पेशींसारख्या झाल्या नाहीत. त्यांनी एक तिसरंच रूप घेतलं, ज्यात दाहाचे निरोपही होते आणि मेद हाताळणारी प्रथिनंही. लठ्ठ उंदरांच्या चरबीतून काढलेल्या मॅक्रोफेजमध्ये ग्लायकोलिसिस आणि मायटोकॉन्ड्रियातलं ज्वलन दोन्ही जोरात चाललेलं आढळतं, आणि सायटोकाइन सोडण्याचा जोर ग्लायकोलिसिसवर असतो.

संपृक्त मेदाम्लांमुळं पेशीत सेरामाइडसारखे मेदरेणू वाढतात, मायटोकॉन्ड्रियातून घातक ऑक्सिजन रेणू निघतात आणि एनएलआरपी-३ नावाचं इन्फ्लमसोम जागं होतं. हे प्रथिनांचं एक जोडलेलं यंत्र. इंटरल्यूकिन-१-बीटाचा कच्चा रेणू कापून तो वापरायोग्य करणं हे त्याचं काम. २०११ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी लठ्ठपणा आणि हे यंत्र यांचा दुवा जोडला. आणि हा इंटरल्यूकिन चरबीतच थांबत नाही. तो हाडांच्या मगजापर्यंत पोचतो आणि तिथून आणखी मोनोसाइट बाहेर पडतात, असं उंदरांमध्ये दिसलं आहे. चक्र पुरं होतं ते असं.

आमच्या पुस्तकात एम-१ वाईट आणि एम-२ चांगल्या मॅक्रोफेज असं दिलंय. परीक्षेत तेच लिहू का?

परीक्षेत लिहा, पण मनात त्याला धरून बसू नका. २००७ मध्ये ही मांडणी लठ्ठपणाला लावली गेली आणि तिचा उपयोगही झाला. आता एकेका पेशीची जनुकं वाचता येतात आणि चित्र गुंतागुंतीचं निघालं आहे. २०१९ मध्ये मुकुटासारख्या रचनांमधल्या मॅक्रोफेजचा एक गट सापडला, ज्यांच्या पृष्ठभागावर ट्रेम-२ नावाचा ग्राही (बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन) असतो. त्या मेद गिळतात, पचवतात. उंदरांमधून ट्रेम-२ काढून टाकलं तेव्हा मेदपेशी आणखी फुगल्या, कोलेस्टेरॉल वाढलं, साखर बिघडली. म्हणजे मेलेल्या पेशीभोवतीच्या सगळ्याच मॅक्रोफेजना दोषी धरता येत नाही. काही तिथं नासधूस आवरत बसलेल्या असतात.

या दाहामुळं रक्तातली साखर कशी वाढते?

इन्शुलिन पेशीच्या दारावर येतं, तेव्हा आतला निरोप पुढं नेणारं पहिलं प्रथिन म्हणजे आयआरएस-१. टीएनएफसारखे सायटोकाइन आणि साचलेले मेदरेणू जेएनके नावाचं विकर (एन्झाइम) जागं करतात. ते आयआरएस-१ वर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटवतं, आणि निरोप अडकतो. स्नायू ग्लुकोज आत घेत नाहीत, यकृत रात्रभर ग्लुकोज सोडत राहतं. स्वादुपिंड काही वर्षं जास्त इन्शुलिन बनवून हे झाकतं. या काळात साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

लेप्टिन तर भूक कमी करतं. ते जास्त असलेलं चांगलंच ना?

लठ्ठपणात मेंदू लेप्टिनला दाद देईनासा होतो, त्यामुळं भुकेला लगाम बसत नाही. प्रतिकारक पेशी मात्र त्याचं ऐकतात, आणि त्यांच्यासाठी लेप्टिन चेतवणारं आहे : ते टी पेशींना ग्लुकोज ओढून घ्यायला आणि दाहाकडे झुकायला लावतं. उलट ॲडिपोनेक्टिन हे चरबीतूनच निघणारं दाहशामक संप्रेरक चरबी वाढली की कमी होतं.

दाह जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त जागरूक. मग लठ्ठ माणसांना संसर्ग जास्त का छळतो?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तर्क अगदी रास्त आहे आणि तरी उत्तर उलटं आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठपणा हा गंभीर आजाराचा स्वतंत्र धोका म्हणून पहिल्यांदा ठळकपणे पुढं आला. कोविडमध्ये तेच पुन्हा दिसलं.

याचं एक कारण पुन्हा इंधनाशीच येऊन थांबतं. एनके पेशी विषाणूबाधित आणि कर्करोगाच्या पेशी मारतात, आणि त्यासाठी त्यांना ग्लायकोलिसिस झटकन वाढवावं लागतं. २०१८ मध्ये लिडिया लिंच यांच्या गटानं दाखवलं की लठ्ठपणात एनके पेशींच्या आत मेद साचतो आणि त्यांची इंधनयंत्रणा लुळी पडते. त्या गाठीच्या पेशीला जाऊन चिकटतात, पण मारायचं हत्यार बाहेर काढू शकत नाहीत.

लसीबाबत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं काम महत्त्वाचं आहे. फ्लूची लस घेतलेल्या लठ्ठ प्रौढांना, लस घेतलेल्या नॉर्मल वजनाच्या लोकांच्या तुलनेत, फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास होतं, असं २०१७ मध्ये त्यांनी मांडलं. प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) प्रतिसादात मात्र दोन्ही गटांत तसा फरक नव्हता. कमतरता टी पेशींच्या बाजूला होती. यावरून लस घेऊ नये असा अर्थ कृपया कुणी काढू नका. वजन जास्त असेल तर फ्लूची लस टाळायचं कारण नाही, उलट ती दरवर्षी घ्यायला अधिक कारण आहे.

कर्करोगाचाही संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांचा अतिरिक्त चरबीशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असं म्हटलं.

माझं वजन बेताचं आहे, फक्त पोट सुटलंय. मला हे सगळं लागू नाही ना?

लागू आहे, आणि आपल्याकडं हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन दाखवणारा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला आणि उंचीच्या पट्टीला हा फरक दिसत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या मातांवर आणि बाळांवर केलेल्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला हीच गोष्ट जन्मापासून दिसली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सरासरी पाऊण किलोच्या आसपास हलकी होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची कातडीखालची चरबी जवळपास राखलेली. वरून बारीक, आतून मेदयुक्त.

याचा दाहाशी संबंध असा. कातडीखालची चरबी ही शरीराची सुरक्षित कणगी. ती भरली की धान्य ओसरीवर आणि मग माजघरात येऊन पडतं, तसा जादा मेद आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत जाऊन बसतो. आपल्या लोकांमध्ये ही कणगी मुळातच लहान असावी, असा या निष्कर्षांचा एक प्रमुख अर्थ लावला जातो. म्हणून कमी वजनातच सांडायला सुरुवात होते. आतड्यांभोवतीच्या चरबीत मॅक्रोफेज अधिक असतात, आणि तिथलं रक्त थेट यकृताकडं जातं. त्यामुळं त्या चरबीतली मेदाम्लं आणि सायटोकाइन आधी यकृताला गाठतात.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खालच्या धरल्या आहेत : बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा, कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के निघाले, पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. मधल्या फरकात जी माणसं आहेत ती बहुधा स्वतःला लठ्ठ समजतच नाहीत, आणि घरचेही त्यांना 'अगदी छान तब्येत आहे' म्हणत असतात.

घेर मोजताना सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडल्यावर. पँटच्या मापावर जाऊ नका. पट्टा पोटाखाली सरकवून वर्षानुवर्षं तेच माप वापरणारे कितीतरी जण पाहते.

सीआरपी तपासून घेऊ का?

इंटरल्यूकिन-६ चा निरोप मिळाला की यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं. मंद दाहासाठी साधी नव्हे, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी तपासणी लागते. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असं धरतात. १० च्या वर आली तर आधी सर्दी-ताप, दाढेचं दुखणं, लघवीचा संसर्ग असं काही आहे का ते बघा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. पैसे मोजकेच असतील तर माझं मत असं, की ते उपाशीपोटीची साखर, एचबीए-१-सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी), लिपिड आणि रक्तदाब यांवर आधी खर्च करा. सीआरपी चढलेली निघाली तरी सुरुवातीचा उपाय बदलत नाही.

दाहच जर मूळ असेल, तर दाह कमी करणारं औषध देऊन काम होणार नाही का?

हे करून बघितलं गेलं आहे, आणि त्याचे निकाल प्रत्येकानं समजून घ्यावेत असे आहेत.

उंदरांमध्ये टीएनएफ अडवल्यावर साखर सुधारली होती. माणसात टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी इन्शुलिनच्या कामात तशी ठोस सुधारणा झाली नाही. सॅल्सलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं औषध. २०१३ च्या चाचणीत ४८ आठवड्यांनंतर एचबीए-१-सी ०.३७ टक्क्यांनी उतरलं. फरक खरा, पण माफक. मग २०१७ मध्ये कॅन्टॉस ही मोठी चाचणी आली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,०६१ रुग्णांना कॅनाकिनुमॅब म्हणजे इंटरल्यूकिन-१-बीटा अडवणारं इंजेक्शन किंवा औषध नसलेलं इंजेक्शन देण्यात आलं. मधल्या मात्रेत हृदयाच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. दाहाचा हृदयविकाराशी थेट संबंध आहे, हे त्यातून सिद्ध झालं. पण नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण घटलं नाही, आणि संसर्गानं होणारे मृत्यू थोडे वाढले.

याचा मी लावते तो अर्थ असा : आपण एक सायटोकाइन अडवतो, पण मॅक्रोफेजच्या भोवतीचं ग्लुकोज, इन्शुलिन, मेदाम्लं तशीच राहतात. पेशी ज्या इंधनामुळं चेतली आहे, ते इंधन तिथंच आहे. निरोप दाबला, कारण दाबलं गेलं नाही. शिवाय थोडा दाह चरबीला लागतोही. २०१४ मध्ये ज्या उंदरांच्या मेदपेशींमधली दाहाची यंत्रणा बंद केली होती, त्यांची चरबी नीट वाढू शकली नाही, मेद यकृतात गेला आणि साखर उलट बिघडली. दाह पुसून टाकायच्या नादात असे दोर कापले जातात.

हळदीच्या गोळ्या, काढे, 'दाहनाशक' पावडरी यांचं काय?

स्वयंपाकातली हळद खुशाल वापरा. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. ते वाढावं म्हणून गोळ्यांमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. महिन्याला हजार-दोन हजार रुपयांच्या पावडरी घेऊन येणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. त्या पैशात घरात डाळी, अंडी, शेंगदाणे, पालेभाज्या येतात.

वजन कमी केलं की पेशी पूर्ववत होतात का?

बऱ्याच अंशी, पण सगळ्या नाही. वजन उतरतं तसं सीआरपी उतरतं, इन्शुलिन पुन्हा काम करू लागतं. ५ ते १० टक्के वजन गेलं तरी रिपोर्टमध्ये फरक दिसतो.

पण चरबीला आठवण असते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये काम प्रसिद्ध केलं. वजनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर दोन वर्षांनी घेतलेल्या चरबीच्या नमुन्यांत जनुकांच्या कामातले काही बदल तसेच टिकून होते. उंदरांमध्ये जनुकांवरच्या रासायनिक खुणाच शाबूत राहिल्या, आणि पूर्वी लठ्ठ असलेले उंदीर पुन्हा तुपट अन्नावर ठेवले तेव्हा इतरांपेक्षा लवकर फुगले. त्याआधी २०१८ मध्ये बॉनच्या गटाला दिसलं होतं की चार आठवडे पाश्चात्त्य धर्तीचा आहार दिलेल्या उंदरांचा आहार पूर्ववत केल्यावर रक्तातला दाह उतरला, पण त्यांच्या प्रतिकारक पेशी पुढं चेतवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला जास्त जोरात उत्तर देत राहिल्या.

वजन उतरवून पुन्हा वाढलं की माणसाला घरात, लग्नात, कधी दवाखान्यातही 'तोंडावर ताबा नाही' असं ऐकावं लागतं. हे ऐकवणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. शरीर जुन्या वजनाकडं ओढतं, त्याला जीवशास्त्र आहे. म्हणूनच वजन उतरल्यावरची दोन-तीन वर्षं उतरवण्याइतकीच निगुतीनं सांभाळावी लागतात, आणि त्या काळात फॉलो-अप सोडू नये.

रोज तासभर चालते, वजन काही हलत नाही. मग चालायचं कशाला?

आकुंचन पावणारा स्नायू स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडतो. तोच, जो चरबीतून सतत पाझरला की दाह वाढवतो. स्नायूतून मात्र तो व्यायामापुरता चढतो, नंतर उतरतो, आणि मागोमाग दाह शमवणारी प्रथिनं वर येतात. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसेन यांनी हे अनेक वर्षं अभ्यासलं. २०१९ मध्ये त्यांच्याकडच्या चाचणीत पोट सुटलेल्या माणसांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. नुसती सायकल चालवणाऱ्यांची पोटातली चरबी घटली; ज्यांना इंटरल्यूकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं होतं, त्यांची घटली नाही. तेव्हा काटा हलला नाही तरी पोटाच्या आत फरक पडत असतो. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा : खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. ग्लुकोजचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक स्नायूच आहे.

वजनाची नवी इंजेक्शनं दाहावरही काम करतात म्हणे?

२०२३ च्या सिलेक्ट चाचणीत हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांना सेमाग्लुटाइड किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. हृदयाच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी घटल्या, सीआरपी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं, आणि हृदयाचा फायदा किती किलो गेले यावर फारसा अवलंबून नव्हता. कॅन्टॉसशी तुलना करा : इथं सायटोकाइनला हात न लावता इंधनाचा बोजा हलका केला गेला. औषधं चांगली आहेत, पण महाग आहेत, मळमळ-उलट्या होतात, स्नायूही झिजतात आणि बंद केली की बहुतेकांचं वजन परत येतं. पार्लरमध्ये किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून घेऊ नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

माझ्या मुलाला इसब आहे आणि ह्यांना सोरायसिस. दोघांचंही वजन जास्त आहे. त्वचेच्या डॉक्टरांना वजनाबद्दल सांगायची गरज आहे का?

आहे. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात सडपातळ उंदरांमधलं इसब ज्या उपचारानं बरं झालं, त्यानंच लठ्ठ उंदरांमधलं बिघडलं. लठ्ठपणामुळं टी पेशींचा प्रकारच बदलला होता. मेदाचा वापर सांभाळणारा पीपीएआर-गॅमा हा ग्राही त्यांच्यात मंदावला होता. तो औषधानं जागा केल्यावर उपचार पुन्हा लागू पडले. माणसातल्या उपचारांसाठी यावरून लगेच काही ठरवता येणार नाही. सोरायसिसमध्ये मात्र वजन उतरवल्यावर चट्टे कमी होतात, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे, आणि काही इंजेक्शनांची मात्रा वजनावर ठरते. म्हणून पुढच्या भेटीला दोघांचं आजचं वजन, कमरेचा घेर आणि वर्षभरात किती वाढलं ते एका कागदावर लिहून न्या. मुलाला त्याच्यादेखत जाड म्हणू नका. डॉक्टरांशी त्याच्या वजनाबद्दल बोलायचं असेल तर त्याला आधी विचारा.